शहराआधी खेड्यात टीव्ही पोचावा म्हणून विक्रम साराभाईंनी थेट अंतराळाची वाट धरली होती

सिंहगडावर गेलात की पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याइतकीच ओळखीची असलेली आणखी एक गोष्ट दिसते. दूरदर्शनचा टॉवर. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुणेकरांच्या घरात टीव्ही दिसायला लागला, तो सिंहगडाच्या जिवावर. पुण्यातल्या गच्चीगच्चीवरच्या अँटेनांची तोंडं तेव्हा गडाकडे वळलेली असायची.

असाच एक टॉवर गुजरातमध्ये होता. अहमदाबादपासून साधारण ५० किलोमीटरवर, खेडा जिल्ह्यातल्या पीज नावाच्या गावात. सिंहगडावरचा टॉवर शहराला टीव्ही दाखवण्यासाठी होता. पीजचा टॉवर खेड्यांना टीव्ही दाखवण्यासाठी होता. पीजच्या कार्यक्रमांत गावचे प्रश्न असायचे, गावची भाषा असायची आणि बऱ्याचदा कामं करणारी माणसंही गावचीच असायची.

या टॉवरमागे ज्या माणसाचा विचार होता, त्याला तो चालू झालेला बघायला मिळाला नाही. त्याचं नाव विक्रम साराभाई.

२०२३ मध्ये चांद्रयान-३ चं लँडर चंद्रावर उतरलं, तेव्हा त्याचं विक्रम हे नाव घरोघरी पोचलं. ते नाव साराभाईंवरूनच ठेवलेलं. पण गंमत अशी की, भारताने श्रीमंत देशांशी चंद्रावर जाण्याची स्पर्धा करावी, हे साराभाईंच्या डोक्यात कधीच नव्हतं. त्यांचं लक्ष होतं देशातल्या साडेपाच लाखांहून जास्त खेड्यांवर.

एकाच घरात गिरणीमालक आणि कामगारांची पुढारी

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल साराभाई म्हणजे शहरातलं बडं प्रस्थ. कॅलिको मिलचे मालक. घरात पैशाला तोटा नव्हता. आठ भावंडं. आई सरलादेवींनी मुलांसाठी घरातच माँटेसरी पद्धतीची शाळा काढली होती.

पण हे घर फक्त श्रीमंतांचं नव्हतं. विक्रम यांची आत्या अनसूया साराभाई गिरणी कामगारांच्या पुढारी. १९१८ साली अहमदाबादमध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला, त्यात मालकांच्या बाजूने अंबालाल आणि कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण. याच संपात गांधीजींनी उपोषण केलं होतं. बहीण मृदुला साराभाई स्वातंत्र्यलढ्यात. गांधीजींपासून टागोरांपर्यंत लोकांची घरात ये-जा.

त्याच १९१८ मध्ये शेजारच्या खेडा जिल्ह्यात शेतसाऱ्याच्या माफीसाठी सत्याग्रह झाला. वल्लभभाई पटेल पुढे आले ते या खेडा सत्याग्रहातून. हा जिल्हा लक्षात ठेवा, कारण साराभाईंची गोष्ट फिरून पुन्हा इथेच येणार आहे.

विक्रम अहमदाबादच्या गुजरात कॉलेजमध्ये शिकले, मग केंब्रिजला गेले. १९४० मध्ये तिथली ट्रायपॉस परीक्षा पास झाले. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, त्यामुळे भारतात परतले आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली वैश्विक किरणांवर संशोधन करू लागले. होमी भाभाही तेव्हा तिथेच होते. दोघांची ओळख इथली.

१९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी लग्न झालं. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिज, १९४७ मध्ये पीएचडी आणि परत अहमदाबाद.

त्यानंतर त्यांनी संस्था उभ्या करायचा सपाटाच लावला. नोव्हेंबर १९४७ मध्ये फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे पीआरएल. कापड गिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्था. १९६० मध्ये बडोद्याला बाजार संशोधन करणारा ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप. १९६१ मध्ये आयआयएम अहमदाबादच्या स्थापनेत मोठा वाटा.

यातलं बाजार संशोधनाचं काम तेवढं वेगळं वाटेल. पण एखादी वस्तू लोकांपर्यंत पोचवायची तर आधी लोकांना काय हवंय ते जाऊन विचारावं लागतं, ही सवय साराभाईंना गिरणी आणि औषधाच्या धंद्यातूनच लागलेली. पुढे टीव्हीच्या बाबतीत तीच कामी आली.

दुष्काळ पडलेल्या देशाला रॉकेट कशाला?

१९६२ मध्ये साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनासाठी इन्कोस्पार ही समिती नेमली गेली. केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावात रॉकेट तळ उभा राहिला आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं.

थुंबाची जागा शोधण्यात साराभाईंसोबत एक मराठी माणूस होता. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. पीआरएलमध्ये साराभाईंच्या हाताखाली तयार झालेले शास्त्रज्ञ. त्यांचं नावही पुढे परत येणार आहे.

१९६५ आणि १९६६ ही सलग दोन वर्षं देशात दुष्काळ पडला. अमेरिकेहून गव्हाची जहाजं आल्याशिवाय रेशन चालत नव्हतं. अशा वेळी लोक विचारणारच की पोटाला अन्न नाही आणि रॉकेटं कसली उडवता?

साराभाईंचं उत्तर असं होतं की देश गरीब आहे म्हणूनच त्याला नवं तंत्रज्ञान हवं. शेतीचं नवं बियाणं, खतं, रोगांची माहिती, शाळेत शिकवायचे विषय हे सगळं गावोगाव पोचवायचं तर लाखो तज्ज्ञ लागतील. ते देशाकडे नाहीत. पण एक चांगला शिक्षक टीव्हीवर एकाच वेळी हजारो गावांत दिसू शकतो. त्यामुळे टीव्ही ही शहरातल्या लोकांची करमणूक नसून खेड्याची गरज आहे, असं ते मांडत राहिले.

तेव्हा भारतातल्या टीव्हीची अवस्था काय होती? १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झालं आणि बराच काळ टीव्ही म्हणजे फक्त दिल्ली.

साराभाईंनी नुसता युक्तिवाद केला नाही, आधी करून बघितलं. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवून कृषी दर्शन हा कार्यक्रम सुरू झाला. अणुऊर्जा विभाग, आकाशवाणी आणि शेती संशोधन संस्था यात एकत्र होत्या. होमी भाभा जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेल्यानंतर अणुऊर्जा आयोगाची धुरा साराभाईंकडेच आली होती. शेतकरी टीव्हीवर बघून शेतीत बदल करू शकतो, हे त्या ८० गावांत दिसलं.

आता प्रश्न होता, ८० गावांवरून लाखो गावांवर कसं जायचं?

टॉवर की उपग्रह?

टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात आणि पृथ्वी गोल असल्याने ठरावीक अंतरापलीकडे डोक्यावरून निघून जातात. म्हणून टॉवर उंच लागतो, म्हणूनच पुण्यासाठी सिंहगड निवडला गेला. एवढं करूनही एका टॉवरची धाव मर्यादितच.

बरं, टॉवर उभा केला तरी त्याच्यापर्यंत कार्यक्रम पोचवायला लिंक लागते. मायक्रोवेव्ह लिंक म्हटली की ठरावीक अंतरावर आणखी एक मनोरा आला. अशी साखळी देशभर उभारायची तर दशकं गेली असती. आणि अशी साखळी आधी मोठ्या शहरांना जोडते. खेड्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

याउलट साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर भूस्थिर उपग्रह ठेवला तर त्याच्या नजरेत अख्खा देश येतो. त्याच्यासाठी मुंबई आणि बस्तर सारखंच लांब. साराभाईंना हेच हवं होतं. उपग्रहाने थेट खेड्यातल्या संचावर कार्यक्रम टाकायचा आणि दाट वस्तीच्या भागात जमिनीवरचे ट्रान्समीटर वापरायचे, अशी मिश्र व्यवस्था सगळ्यात स्वस्त पडेल, असा त्यांचा हिशोब होता.

१९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अहमदाबादला प्रायोगिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. इथे भारतीय इंजिनियर उपग्रहाशी बोलायला शिकले. याच अनुभवाच्या बळावर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला परदेशी फोन आणि टेलेक्ससाठी मोठं भूकेंद्र भारतीयांनीच बांधावं, असा साराभाईंनी आग्रह धरला आणि तसं ते बांधलं गेलं.

१५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली. साधारण महिनाभराने, १८ सप्टेंबर १९६९ ला, भारत आणि अमेरिकेच्या नासात करार झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्ष भारताला उसना मिळणार होता. उपग्रह त्यांचा, पण जमिनीवरची सगळी यंत्रणा, टीव्ही संच आणि कार्यक्रम भारताचे. या प्रयोगाचं नाव साईट.

साराभाई गेले, काम थांबलं नाही

एकाच वेळी अणुऊर्जा, अंतराळ, गिरण्या आणि डझनभर संस्था. साराभाई सतत विमानात असायचे. डिसेंबर १९७१ च्या अखेरीस थुंबाच्या कामासाठी ते केरळात होते. ३० डिसेंबरच्या रात्री कोवलमच्या मुक्कामात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२.

तोपर्यंत मुंबईत टीव्ही सुरूही झाला नव्हता. आर्वीचं केंद्र नुकतंच तयार झालं होतं. १९७२ मध्ये त्याला विक्रम भूकेंद्र असं नाव दिलं गेलं.

साराभाईंनी मागे माणसं तयार ठेवली होती. इस्रोची सूत्रं सतीश धवन यांच्याकडे आली. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरची जबाबदारी यशपाल यांच्याकडे. आणि साईट प्रकल्पाचे व्यवस्थापक झाले तेच कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस.

१ ऑगस्ट १९७५ ला साईट सुरू झालं. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या २० जिल्ह्यांत मिळून सुमारे २,४०० गावं. मुद्दाम मागास भाग निवडलेले. गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ३ मीटर व्यासाची छत्री आणि तिला जोडलेला टीव्ही. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. मुलांचे विज्ञानाचे बरेच कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार व्हायचे.

विज्ञानकथा लेखक आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतल्या घरी इस्रोच्या इंजिनियरांनी एक छत्री बसवून दिली होती. भूस्थिर उपग्रहातून संदेशवहन करता येईल ही कल्पना क्लार्क यांनी १९४५ मध्येच मांडली होती. आता ते भारतातल्या खेड्यांसाठीचे कार्यक्रम घरबसल्या बघत होते.

हा काळ आणीबाणीचा होता, हेही सांगायला हवं. सरकारी माध्यमावर सरकारचाच ताबा होता. उपग्रहावरून सगळ्यांना एकच गोष्ट सांगण्याची ताकद जितकी उपयोगाची, तितकीच ती एकतर्फीही होऊ शकते. ओरिसातल्या एका गावाला नेमकं काय हवंय, हे ३६ हजार किलोमीटरवरून कसं कळणार?

याचं उत्तर पीजमध्ये शोधलं जात होतं.

पीजच का?

१९७५ मध्येच खेडा जिल्ह्यातल्या पीज गावात १ किलोवॅटचा ट्रान्समीटर सुरू झाला. स्टुडिओ अहमदाबादला, टॉवर पीजला. शहरात तयार झालेला कार्यक्रम लिंकवरून पीजला यायचा आणि टॉवरवरून आजूबाजूच्या गावांत जायचा. अहमदाबादच्या भूकेंद्राशीही तो जोडलेला होता, त्यामुळे उपग्रहावरचे देशपातळीचे कार्यक्रमही दाखवता यायचे.

खेडा निवडण्यामागे कारण होतं. आणंद तेव्हा याच जिल्ह्यात. म्हणजे अमूलचा जिल्हा. गावोगाव दूध सोसायट्या. दूध घालायला माणसं रोज सकाळ-संध्याकाळ तिथे येणार म्हणजे येणारच. सुमारे ४०० गावांत सहाशेहून जास्त सार्वजनिक टीव्ही संच ठेवले गेले, त्यातले बरेचसे दूध सोसायटीत. दूध घालून झालं की लोक तिथेच बसून टीव्ही बघायचे. नवी इमारत बांधायला नको आणि संच कुणा एका पाटलाच्या घरात अडकायलाही नको.

कार्यक्रमांची पद्धतही उलटी होती. आधी समाजशास्त्रज्ञ गावात जायचे, लोकांशी बोलायचे, अडचणी समजून घ्यायचे. मग कार्यक्रम तयार व्हायचा. दाखवून झाला की पुन्हा गावात जाऊन विचारायचं, कळला का, पटला का? साराभाईंनी धंद्यात वापरलेली पद्धत इथे गावाच्या कामी आली.

विषय नुसते खतं-बियाणांचे नव्हते. शेतमजुराला किमान वेतन मिळतं का, अस्पृश्यता, हुंडा, कुटुंब नियोजन, बायकांचे प्रश्न या सगळ्यावर मालिका निघाल्या. चरोतरच्या बोलीत. गावची माणसं त्यात काम करायची. ज्याच्या शेतावर मजुरी करतो त्याच्याच शेजारी बसून मजुराने स्वतःच्या मजुरीवरचा कार्यक्रम बघायचा, हे आधी कधी झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकात या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

उसना उपग्रह गेला, टॉवर राहिला

३१ जुलै १९७६ ला साईटचं वर्ष संपलं. एटीएस-६ अमेरिकेचा, तो परत गेला. ज्या गावांत वर्षभर टीव्ही दिसला, तिथल्या जाळीच्या छत्र्या एका दिवसात बिनकामाच्या झाल्या. काही भागांत नंतर जमिनीवरचे ट्रान्समीटर आले, पण बाकीच्या गावांना थांबावं लागलं.

पीज मात्र चालू राहिलं, कारण तो टॉवर उसना नव्हता.

पुढे भारताचे स्वतःचे उपग्रह आले. १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि त्याच्या भरवशावर देशभर छोटे ट्रान्समीटर उभे राहू लागले. वरवर बघितलं तर साराभाईंचं स्वप्न पूर्ण होत होतं.

पण या नव्या टॉवरांवर स्टुडिओ नव्हता. दिल्लीहून आलेलं पुढे सोडायचं, एवढंच त्यांचं काम. टॉवर तोच, लिंकही तशीच, फक्त गावाकडून काही येण्याची वाट बंद. शिवाय शहरात प्रेक्षक होते आणि जाहिरातीही. टीव्हीचा खर्च त्यातूनच निघणार होता.

१९८५ मध्ये पीजचा ट्रान्समीटर काढून मद्रासला दुसऱ्या चॅनेलसाठी नेण्याचं ठरलं. अहमदाबादला मोठा ट्रान्समीटर होता, खेड्याला त्याचे कार्यक्रम दिसतील, मग पीज कशाला, असा सरकारी हिशोब. म्हणजे ज्या महानगरात आधीच एक चॅनेल होता, तिथे दुसरा देण्यासाठी खेड्याचा एकुलता एक जाणार होता.

खेड्यातले शेतकरी आणि अहमदाबादमधले अभ्यासक याविरोधात उभे राहिले. एखाद्या टीव्ही ट्रान्समीटरसाठी गावकऱ्यांनी आंदोलन करावं, ही गोष्टच नवलाची. अहमदाबादचे कार्यक्रम दिसत राहतील हे त्यांनाही माहीत होतं. भांडण दिसण्यासाठी नव्हतं. आपली बोली, आपले मजुरीचे आणि हुंड्याचे प्रश्न, आपली माणसं पडद्यावर राहावीत म्हणून होतं. पण पुढच्या काही वर्षांत पीजचं हे वेगळेपण इतिहासजमा झालं.

या प्रयोगातून शिकलेली माणसं मात्र कामाला लागलेली होती. इस्रोने १९८३ मध्ये विकास आणि शिक्षणासाठीच्या संज्ञापनाचा वेगळा विभाग अहमदाबादला काढला. २००४ मध्ये फक्त शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. त्यांची मुळं साईट आणि खेड्यातच आहेत.

आज खेड्यातल्या माणसाच्या हातात मोबाईल आहे आणि देशातला प्रत्येक चॅनेल त्यावर दिसतो. साराभाईंचा निम्मा हिशोब त्यामुळे पुरा झाला. उरलेला निम्मा म्हणजे गावाने फक्त बघायचं नाही, तर आपलं सांगायचंही. पीजमध्ये तो दहाएक वर्षं चालवून दाखवला गेला होता, १ किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर आणि दूध सोसायटीतल्या टीव्हीवर.

पुढच्या वेळी सिंहगडावर गेलात किंवा नारायणगावहून जाताना आर्वीची पाटी दिसली, तर विक्रम साराभाईंचं नाव चंद्राबरोबरच पीजशीही जोडलेलं आहे, एवढं आठवा.